हौसेला मोल नाही, पण कर्जाला व्याज आहे

मी बेंबळीहून बोलतोय. नेहमीसारखाच हा भाग कानाने ऐका किंवा खाली वाचा, दोन्ही चालतं. बोलताना सुटलेले एक-दोन आकडे लिहिताना घातलेत, बाकी जसंच्या तसं आहे.

गेल्या महिन्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. पुण्यात नोकरी करतो, माझ्याच वयाचा. विचारत होता, "दादा, शेअर बाजार पडला की जुन्या स्पोर्ट्स कार स्वस्त होतात का? म्हणजे मंदी येईपर्यंत थांबावं आणि मग कर्ज काढून एखादी उचलावी का?" प्रश्न ऐकायला श्रीमंती वाटतो. पण तोच प्रश्न आमच्याकडे पोरं आरएक्स १०० बद्दल विचारतात. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली यामाहाची ही बाइक आज तिच्या तेव्हाच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजून घेतली जाते. त्यामुळे प्रश्न फक्त फेरारीचा नाही. हौसेची वस्तू आणि बाजारातला पैसा यांचं नातं काय, असा तो प्रश्न आहे.

उत्तर शोधायला मी शंभर वर्षं मागे गेलो. वाटेत इंदूरचे होळकर भेटले, जपानमधले जमीनवाले भेटले, मुंबईचा हर्षद मेहता भेटला. चला.

आधी बैलबाजार समजून घेऊ

दोन वस्तू डोळ्यासमोर आणा. एक, आपली उस्मानाबादी शेळी. दुसरी, शर्यतीची खिल्लार बैलजोडी.

शेळी कधीही विकता येते. बाजारच्या दिवशी न्या, तासाभरात गिऱ्हाईक मिळतं, भाव सगळ्यांना माहीत असतो. म्हणून तर तिला गरिबाची बँक म्हणतात. शेअर असाच असतो. मोबाइल उघडा, विका, पैसे आले.

खिल्लार जोडीचं तसं नाही. तिची किंमत दोन-तीन शौकिनांनाच कळते. त्यातला एक यंदा अडचणीत असेल आणि दुसऱ्याच्या घरी लग्न असेल, तर तुमच्या जोडीला गिऱ्हाईकच नाही. क्लासिक स्पोर्ट्स कार म्हणजे ही बैलजोडी.

आता दुष्काळ आणा. १९७२चा आठवणारे आजोबा गावात आहेत, २०१५-१६चा तर आपण स्वतः पाहिलाय. चारा संपतो, पाणी संपतं आणि एकाच आठवड्यात शंभर जण जनावरं घेऊन बाजारात उभे राहतात. घेणारे मोजकेच. भाव निम्म्यावर येतो. बैल तोच असतो, त्याची ताकद कमी झालेली नसते. पण विकणाऱ्याला थांबता येत नाही, हे घेणाऱ्याला कळलेलं असतं. ज्याच्या कडब्याची गंजी शिल्लक आहे तो बाजारात येतच नाही. त्याच्या बैलाचा भाव पडला की नाही हे कुणाला कळतही नाही.

एवढं लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास याच बाजाराचा आहे.

१९२९ : न्यूयॉर्क पडलं, इंदूरने गाडी घेतली

१ डिसेंबर १९२८. न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ड्यूसेनबर्ग कंपनीने 'मॉडेल जे' दाखवली. नुसत्या सांगाड्याची आणि इंजिनाची किंमत ८,५०० डॉलर. वरची बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीने वेगळी बनवून घ्यायची. त्या काळात फोर्डची साधी गाडी ५०० डॉलरच्या आसपास मिळायची. कंपनीचा बेत पहिल्या टप्प्यातच ५०० गाड्या विकायचा होता. शेअर बाजार तेजीत होता, गिऱ्हाइकांची कमी नव्हती.

अकरा महिन्यांत, ऑक्टोबर १९२९मध्ये, बाजार कोसळला. सप्टेंबर १९२९मध्ये ३८१वर असलेला डाऊ जोन्स निर्देशांक जुलै १९३२मध्ये ४१वर आला. शंभराचे अकरा राहिले म्हणा. ड्यूसेनबर्ग १९३७ला बंद पडली, तोवर या मॉडेलचा ५००चा आकडा काही गाठला गेला नाही. पुढे १९४०च्या दशकात ह्या गाड्या अमेरिकेच्या जुन्या बाजारात काहीशे डॉलरला मिळायच्या. पेट्रोल फार पितात, पार्ट मिळत नाहीत, कोण सांभाळणार!

पण मधल्या काळात ह्या कंपन्या जगल्या कुणावर? ज्यांचं उत्पन्न वॉल स्ट्रीटवर अवलंबून नव्हतं अशांवर, आणि त्यात आपले संस्थानिक होते. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे हे त्यातलं मोठं नाव. माणिकबाग राजवाडा जर्मन वास्तुकाराकडून आधुनिक शैलीत बांधून घेणारा हा तरुण राजा गाड्यांचाही दर्दी होता. त्यांनी ड्यूसेनबर्गचं सुपरचार्जर लावलेलं 'एसजे' मॉडेल घेतलं. ३२० हॉर्सपॉवरचं. बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीने बनवली. नारिंगी-काळी, दोन माणसांची स्पीडस्टर. कंपनी शेवटचे श्वास मोजत असताना, १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात, ही गाडी तयार झाली.

इथे मला थांबावंसं वाटतं. कारण ह्याच मंदीत भारतातल्या शेतमालाचे भाव निम्म्यावर आले होते. सारा मात्र रोख भरायचा होता, सावकाराचं व्याजही रोखच. सप्टेंबर १९३१मध्ये ब्रिटनने सोन्याचं चलन सोडलं, सोन्याचा भाव चढला आणि गावागावांतून बायकांच्या अंगावरचं सोनं विकलं जाऊन मुंबई बंदरातून परदेशी जायला लागलं. इतिहासकार त्याला 'अडचणीतलं सोनं' म्हणतात. आपली बेंबळी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. होळकरांचं राज्य वेगळं, पण संस्थानांचा गाडा सगळीकडे शेतसाऱ्यावरच चालायचा.

म्हणजे एकाच मंदीत एकाला डोरलं विकावं लागलं आणि दुसऱ्याला जगातली सर्वात देखणी गाडी घेता आली. दोघांत फरक शहाणपणाचा नव्हता. एकाला देणं होतं, दुसऱ्याला येणं होतं.

१९७१ : राजांचा दुष्काळ

पुढे राजांवरही वेळ आली, पण ती शेअर बाजारामुळे नाही. विलीनीकरणानंतर त्यांना सरकारकडून तनखे मिळत. डिसेंबर १९७१च्या २६व्या घटनादुरुस्तीने ते बंद झाले. राजवाडे, नोकरचाकर आणि गॅरेजमधल्या गाड्या सगळं तसंच, फक्त येणं थांबलं.

झालं ते बैलबाजारासारखंच. देशभरातले संस्थानिक साधारण एकाच काळात विकायला निघाले आणि देशात घेणारे मोजके. तनखे जाण्याच्या आधीपासूनच परदेशी दलाल फिरत होते, अनेक गाड्या मातीमोलाने बाहेर गेल्या. अखेर सरकारने जुन्या गाड्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. होळकरांची ड्यूसेनबर्गही भारताबाहेरच गेली. आणि ज्या मॉडेलच्या गाड्या कधीकाळी काहीशे डॉलरला मिळायच्या, त्याच घराण्यातली एक, अभिनेता गॅरी कूपरची १९३५ची एसएसजे, ऑगस्ट २०१८मध्ये २.२ कोटी डॉलरला विकली गेली.

मंदीत गाडी नाहीशी होत नाही, तिचा मालक बदलतो.

१९८७ ते १९९४ : शेअर पडले, गाड्या चढल्या

आता माझ्या श्रोत्याच्या प्रश्नाला सरळ छेद देणारी गोष्ट. १९ ऑक्टोबर १९८७, सोमवार. अमेरिकेचा बाजार एका दिवसात २२.६ टक्के पडला. मग गाड्या स्वस्त व्हायला हव्यात ना? बरोबर महिन्याने लंडनच्या लिलावात बुगाटी रॉयल ही गाडी ५५ लाख पौंडांना गेली. तेव्हा तो विक्रम होता.

कारण शेअरवरचा विश्वास उडाला, पण लोकांच्या हातातला पैसा संपला नव्हता. बँका कर्ज देत होत्या. पैसा चित्रांत, जमिनीत, गाड्यांत शिरला. ऑगस्ट १९८८मध्ये एन्झो फेरारी वारले, 'आता म्हाताऱ्याच्या हातची गाडी पुन्हा होणे नाही' म्हणून फेरारीचे भाव पेटले. १९६२-६४मध्ये जेमतेम तीन डझन बनलेली फेरारी २५० जीटीओ १९८९च्या सुमारास १ कोटी डॉलरच्या वर गेली. घेणाऱ्यांत जपानी मोठ्या संख्येने होते. त्यांची जमीन महाग झाली होती आणि त्या जमिनीवर बँक हवं तेवढं कर्ज देत होती. १९९०मध्ये नायजेल मॅन्सेल या रेसरची फेरारी एफ ४० दहा लाख पौंडांना विकली गेली. आणि ही काही दुर्मीळ गाडी नव्हती, एकूण १,३००च्या वर बनल्या!

मग कर्ज महाग झालं. जपानच्या मध्यवर्ती बँकेने १९८९च्या मेपर्यंत २.५ टक्के असलेला दर ऑगस्ट १९९०पर्यंत ६ टक्क्यांवर नेला. ब्रिटनमध्ये तर ऑक्टोबर १९८९मध्येच दर १५ टक्के झाला होता. डिसेंबर १९८९च्या अखेरीस ३८,९१५वर असलेला जपानचा निक्केई १९९२च्या ऑगस्टमध्ये १५,०००च्या खाली होता. हप्ते थकले, बँकांनी तगादा लावला, गाड्या एकदम बाजारात आल्या. १ कोटीच्या वर गेलेली जीटीओ १९९४च्या आसपास ३५ लाख डॉलर किंवा त्याखाली आली.

ह्या काळातली जॅग्वार एक्सजे २२० ची गोष्ट मला फार आवडते. १९८८च्या बर्मिंगहॅम प्रदर्शनात ती दिसली आणि लोक वेडे झाले. ५०,००० पौंड अनामत भरा, नंबर लावा. गाड्या ३५० करायच्या ठरल्या, घेऊ म्हणणारे १,५००च्या आसपास. त्यातल्या कित्येकांना गाडी चालवायचीच नव्हती. नंबर आला की तो चढ्या भावात दुसऱ्याला विकायचा होता. १९९२ला गाडी तयार झाली तेव्हा किंमत ४,७०,००० पौंडांवर गेली होती आणि बाजार बसला होता. आता ह्याच लोकांना गाडी नको झाली. इंजिन कबूल केल्याप्रमाणे १२ सिलिंडरचं नाही, ६चं आहे, असं म्हणत काही जण कोर्टात गेले. अनामत सोडवायला कंपनीला वर पैसे देऊन सुटलेलेही होते. शेवटी ३५० सुद्धा बनल्या नाहीत, २८०च्या आसपास थांबल्या. जॅग्वार हा ब्रँड पुढे २००८मध्ये आपल्या टाटांकडे आला, हे तुम्हाला माहीत आहेच.

इंजिनचा दोष तेजीत कुणालाच दिसला नसता. हप्ता डोईजड झाला की माणसाला गाडीत खोट दिसायला लागते.

१९९२, मुंबई : गाडी आणि कोर्ट

'स्कॅम १९९२' बघितलेल्यांना हर्षद मेहताची लेक्सस सांगायला नको. ती काही क्लासिक स्पोर्ट्स कार नव्हती, मोठी जपानी आलिशान गाडी होती. पण परदेशी गाडी दिसणंच दुर्मीळ असलेल्या देशात तिचा रुबाब त्याच तोडीचा होता. २२ एप्रिल १९९२ला सेन्सेक्स ४,४६७वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी सुचेता दलाल यांची बातमी आली. २८ एप्रिलला एका दिवसात बाजार पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास पडला. नोव्हेंबरमध्ये मेहताला अटक झाली.

अशा वेळी हौसेच्या वस्तूचं काय होतं? खास कायदा झाला, विशेष न्यायालय बसलं आणि आरोपींच्या मालमत्ता कस्टोडियनकडे गेल्या. म्हणजे भाव पडला की चढला हा प्रश्नच उरत नाही. वस्तू विकायचा हक्कच तुमच्या हातून जातो. आणि गाडी म्हणजे शेअर सर्टिफिकेट नाही, फायलीत ठेवलं की झालं. उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा जमतो, रबरी सील वाळतात, टाकीला आतून गंज लागतो.

२००८ : पडझडीत विक्रम

२००८ला मी शाळेत होतो, पण आकडे तुमच्यासमोर आहेत. जानेवारीत २१,०००ला टेकलेला सेन्सेक्स मार्च २००९मध्ये ८,२००च्याही खाली होता. जगभर तेच. तरीही मे २००९मध्ये इटलीत मारानेल्लोच्या लिलावात फेरारी २५० टेस्टा रोसा ९० लाख युरोंच्या वर गेली, नवा विक्रम!

१९९०ला पडझड आणि २००९ला विक्रम, असं का? एक म्हणजे ह्या खेपेला अव्वल गाड्यांचे मालक फारसे कर्जात नव्हते. नव्वदमध्ये पोळलेले सट्टेबाज ह्या धंद्यातून बाहेर पडले होते. थांबायची ऐपत असलेले थांबले. दुसरं म्हणजे व्याज. डिसेंबर २००८मध्ये अमेरिकेने दर जवळपास शून्यावर आणला. बँकेत पैसा ठेवून काही मिळेना, मग तो पुन्हा वस्तूंकडे वळला. जीटीओ २०१४ला ३.८ कोटी, २०१८ला ४.८ कोटी डॉलरला गेली. पुढे दर चढले, जुलै २०२३मध्ये सव्वापाच टक्क्यांच्या वर गेले. त्याच नोव्हेंबरात एक जीटीओ न्यूयॉर्कमध्ये ५.१७ कोटी डॉलरला विकली गेली. आकडा प्रचंडच, पण लिलाववाल्यांनी ६ कोटींच्या वरची आशा धरली होती.

म्हणून माझं म्हणणं असं. क्लासिक गाडीचा भाव शेअर निर्देशांकाच्या मागे चालत नाही. तो व्याजाच्या दराच्या आणि मालकाच्या कर्जाच्या मागे चालतो. शेअर पडले पण देणं नसेल तर माणूस गॅरेजचं शटर ओढून घेतो आणि वाट बघतो. देणं असेल तर त्याला पहिल्या गिऱ्हाइकाला विकावं लागतं.

आपल्याकडचा हिशेब

भारतातला क्लासिक गाड्यांचा बाजार आजवर एका मोठ्या विहिरीसारखा होता. बाहेरच्या नदीला पूर आला काय, आटली काय, आत फार फरक पडत नव्हता. निर्यात बंद, आणि आयात फक्त १९५०च्या आधीच्या गाड्यांची, तीही जबर कर भरून. ते दार आता किलकिलं झालंय. २०२५च्या फेब्रुवारीत नियम बदलला आणि ५० वर्षं जुनी गाडी आणता येऊ लागली. म्हणजे १९६१ला आलेली जॅग्वार ई-टाइप आता ह्या नियमात बसते. २०२१पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना नंबरप्लेटवर 'व्हीए' ही वेगळी मालिका मिळते. नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पण रोजच्या वापराला ही गाडी काढता येत नाही.

यात आपल्याला दुहेरी मार आहे, तो ध्यानात घ्या. जगात मंदी आली की रुपया बहुतेक वेळा घसरतो. २००८च्या सुरुवातीला ४०च्या आत असलेला डॉलर वर्षभरात ५०ला टेकला होता. शेअर पडल्याने तुमच्या हातातला पैसा कमी होतो आणि त्याच वेळी इंग्लंडहून येणारा गिअरबॉक्सचा पार्ट महाग होतो. विमा आणि गॅरेजचं भाडं चालूच. शेअर पडला तरी तो सांभाळायचा खर्च मागत नाही. गाडी मागते, बैलासारखी.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण. कोल्हापूरच्या छत्रपतींकडे १९३०च्या दशकातली मेबॅक आहे. शाही दसऱ्याला ती दसरा चौकात येते आणि हजारो लोक तिच्याकडे बघत उभे राहतात. १९७१ला तनखा गेला, १९९२ला आणि २००८ला बाजार पडले, २३ मार्च २०२०ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी आपटला. मेबॅक होती तिथेच राहिली. तिचा भाव किती, हा प्रश्न तिथे कुणी काढत नाही, कारण ती विकायला काढलेलीच नाही.

तर पुण्याच्या मित्रा, आणि आरएक्स १०० वर डोळा ठेवलेल्या माझ्या गावच्या पोरांनो. मार्च २०२०मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डिमॅट खाती होती, मार्च २०२४मध्ये पंधरा कोटींच्या वर. ह्यातल्या बहुतेकांनी लांबलेली मंदी अजून पाहिलेली नाही. मंदीत स्वस्त गाडी मिळते, हे खरं आहे. पण ती ज्याच्याकडे रोख पैसा आहे त्याला मिळते, आणि जो कर्जात आहे त्याची मिळते. कर्ज काढून मंदीची वाट बघणारा माणूस घेणाऱ्यांच्या रांगेत उभा आहे असं त्याला वाटतं. पगार थांबला की तो विकणाऱ्यांच्या रांगेत असतो.

हौसेला मोल नाही असं आपले लोक म्हणतात, आणि त्यात चूक काही नाही. घ्या गाडी, घ्या बाइक. फक्त दोन वर्षं एक रुपया आला नाही तरी ती विकावी लागणार नाही, एवढा कडबा आधी गंजीला लावून ठेवा.

तुमच्या गावात, घरात अशी एखादी जुनी गाडी असेल, जी कितीही अडचण आली तरी कुणी विकली नाही, तर तिची गोष्ट मला व्हॉइस नोटवर पाठवा. आणि जी विकावी लागली, तिचीही पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकू. तोवर राम राम!